डोंगरावरचे कुसळ आणि पोराचा डोळा

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्या उपनगरांतील वस्त्यांतून कान्हेरीच्या सहली निघतात. कुणी विहारातर्फे, कुणी महिला मंडळातर्फे, तर कुणी नुसतीच चार घरे मिळून बोरिवली स्टेशनवर उतरतात आणि डबे, पाण्याच्या बाटल्या, कडेवरची पोरे असा सगळा लवाजमा घेऊन राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत शिरतात. चैत्यगृह पाहून होते, कातळात खोदलेली पाण्याची टाकी पाहून होतात, आणि मग मोठी माणसे सावलीला टेकली की पोरे वरच्या माळावर गवतात धावत सुटतात. घरी आल्यावर आई मोजे धुवायला घेते तेव्हा त्यांत शे-दीडशे तपकिरी सुया रुतलेल्या असतात. त्या धुऊन निघत नाहीत, झटकून पडत नाहीत. ओढाव्यात तर शेपटी तुटून हातात येते आणि टोक आतच राहते.

हेच ते कुसळ. वाचकांना विषय क्षुल्लक वाटेल. परंतु या क्षुल्लक वस्तूने आमच्या वस्तीतील एका मुलाच्या डोळ्यावर कायमचा पांढरा डाग ठेवला आहे, आणि तो डाग टाळता आला असता, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ओळख करून घेऊ. अंगाला चिकटणाऱ्या बिया पुष्कळ झाडांना असतात. आघाडा चिकटतो, लांडगा चिकटतो, सराटा तर चपलेच्या तळातून वर येतो. पण ही गवते नव्हेत. आपल्या डोंगरांवर गवतांपैकी जे सर्वांत जास्त टोचते ते कुसळी गवत. वनस्पतिशास्त्रात त्याला हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस म्हणतात, आणि त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच मुळी पिळलेले असा आहे. मुलुंडच्या डोंगरावर, घाटकोपरच्या टेकड्यांवर, आरेच्या माळावर, बोरिवलीच्या जंगलात जिथे जिथे झाडी विरळ आणि माती पातळ, तिथे तिथे हे उगवते. पावसाळ्यात ते इतर गवतासारखेच कोवळे, हिरवे असते व गुडघ्यापासून कमरेपर्यंत वाढते. पाऊस ओसरू लागला की त्याला तुरे येतात. एकाच तुऱ्यात खालची फुले नुसती नर असतात, त्यांना काहीही टोचरे नसते. वरच्या, बी धरणाऱ्या फुलांना मात्र अडीच ते चार इंच लांबीची काळपट शेपटी फुटते. ऑक्टोबरच्या उन्हात ती वाळते, पिळते आणि शेजारच्या शेपट्यांत गुंतते. म्हणून हे कुसळ सुटे न पडता बहुधा गुंत्याने पडते.

कुसळाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. घरात भिंग असेल तर मुलांना जरूर दाखवावी. खाली बी, बियेच्या बुडाला सुईसारखे टोक, आणि त्या टोकावर ताठ तपकिरी केस. हे केस सगळे मागे वळलेले असतात. मासळीवरून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागते आणि उलटा फिरवला तर खरबरीत, तसाच हा प्रकार. आत जायला रस्ता मोकळा आणि बाहेर यायला बंद. ज्या पट्ट्या चिकटवून आज मुलांचे बूट आणि दप्तरे बंद होतात, त्या वेल्क्रोची कल्पना स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्ट्राल या इंजिनिअरला १९४१ मध्ये कुत्र्याच्या अंगाला चिकटलेल्या बोंडांवरूनच सुचली आणि १९५५ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. पण त्या बोंडाला बारीक आकडे असतात, ते नुसते अडकते. आपले कुसळ अडकून थांबत नाही, ते पुढे सरकते.

ते कसे सरकते, याची गंमत पाच मिनिटांत पाहता येते. वाळलेले एक कुसळ घ्यावे, बशीत ठेवावे आणि शेपटीच्या पिळावर पाण्याचे दोन थेंब टाकावेत. थोड्याच वेळात शेपटी घड्याळाच्या काट्यासारखी हळूहळू फिरू लागते. ओलीने पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो. रानात जमिनीवर पडलेल्या कुसळाचे असेच होते. रात्री दव पडते, पीळ सुटतो. सकाळी ऊन येते, पीळ बसतो. शेपटी आजूबाजूच्या काड्यांना टेकलेली असल्यामुळे फिरण्याचा सगळा जोर टोकावर येतो आणि गिरमिट लाकडात शिरावे तशी बी मातीत शिरते. मागे वळलेले केस तिला परत वर येऊ देत नाहीत. या पिळाच्या करामतीवर चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस डार्विन याने १८७६ मध्ये निबंध लिहिला होता. म्हणजे कुसळाला कुणाला टोचायची हौस नाही. त्याला माती हवी असते. वाटेत आपला मोजा येतो, मेंढीची लोकर येते, गाईचे तोंड येते, ही त्याच्या दृष्टीने चुकीची जमीन.

मात्र चुकीच्या जमिनीतही ते त्याच चिकाटीने शिरते. लोकरीतून कातडीत आणि कातडीतून मांसात गेलेल्या कुसळांमुळे मेंढ्या हैराण होतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याकडील भागात हेच गवत माजल्यामुळे पशुपालकांना मेंढ्या सोडून गाई पाळाव्या लागल्या. पिकलेले गवत खाल्ले की गुरांच्या जिभेला आणि हिरड्यांना जखमा होतात. वस्तीतली कुत्री नोव्हेंबरात मान वाकडी करून कान खाजवताना दिसतात. त्यांच्या कानात पुष्कळदा हेच असते.

कापणाऱ्यांचे गवत

हे सर्व असूनही या गवताला निरुपयोगी म्हणणे अन्यायाचे होईल. तुरा यायच्या आत कापले तर ते गुरांचा चांगला चारा आहे. कोकणात आणि घाटावर गरिबाची छपरे अशाच डोंगरी गवतांनी शाकारली जात. दूर प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर याच गवताला पिली म्हणतात आणि तिथल्या जुन्या घरांची छपरे त्याचीच होती. आमच्या वाडवडिलांच्या पिढीने असे छप्पर पाहिलेले आहे. त्यातून गळणारे पाणीही पाहिलेले आहे, हा भाग वेगळा.

मुंबई शहराचे आणि या गवताचे नाते तर फार जुने. ट्रामचे घोडे, व्हिक्टोरियाचे घोडे, पलटणीचे घोडे आणि तबेल्यांतील म्हशी या सर्वांच्या पोटात जाणारे सुके गवत ठाणे जिल्ह्यातील डोंगरांवरून येत असे. ते कापणारे हात आदिवासींचे होते. गवत पिकते तेव्हाच कापणीचा हंगाम येतो, म्हणजे नेमके कुसळ तयार झाल्यावर. कमरेला लंगोटी, पायात काही नाही, हातात विळा आणि समोर कंबरभर कुसळी गवत, असे चित्र डोळ्यांसमोर आणा म्हणजे त्या मजुरीची किंमत समजेल. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींनी वेठीविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांच्या मागण्यांत गवतकापणीची मजुरी ही मुख्य मागणी होती. पाचशे पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये द्या, एवढेच ते मागत होते. ऐन कापणीच्या हंगामात संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचे प्राण गेले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा लढा आला आहे. ज्यांच्या घरी ते नसेल त्यांनी वाचनालयातून आणून वाचावे.

आपल्या समाजालाही गवत कापण्याची वेठ नवी नव्हती. गावी सरकारी अंमलदार दौऱ्यावर आला की त्याच्या घोड्याला गवत आणि चुलीला लाकूड पुरविणे हे महारांच्या माथी मारलेले काम असे, आणि त्याचा मोबदला म्हणजे वतनाचा तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध विधेयक मांडले. प्रत्यक्ष वतने जायला १९५८ चा कायदा यावा लागला. आपले आजोबा गाव सोडून मुंबईला गिरणीत आणि गोदीत आले, त्यामागे ज्या अनेक गोष्टी होत्या त्यांत हा गवताचा भाराही होता.

पुढे १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली आणि शहरातील तबेल्यांतल्या हजारो म्हशी तिकडे हलविण्यात आल्या. तिथे ओल्या जागी पॅरा गवताची लागवड झाली. ते गवत मऊ, कुसळ नसलेले. डोंगरावरच्या गवताचे महत्त्व त्यानंतर हळूहळू कमी होत गेले. आज आपल्या वस्त्यांमागच्या टेकडीवर कापायला कुणी येत नाही. आणि जे गवत कुणी कापत नाही ते दोनच गोष्टी करते. नोव्हेंबरात टोचते आणि फेब्रुवारीत जळते.

डोळ्यात गेले तर

दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते पण आपल्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही, ही म्हण आपण सभांमधून इतक्या वेळा ऐकतो की तिच्यातले कुसळ खरे असते हेच विसरून गेलो आहोत. ज्याच्या डोळ्यात ते खरोखर जाते त्याला म्हण सुचत नाही.

आमच्या वस्तीच्या वर टेकडीवर थोडी सपाट जागा आहे. पोरांचे क्रिकेट तिथेच चालते. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात चेंडू शोधायला गवतात शिरलेला नऊ वर्षांचा एक मुलगा डोळा चोळत घरी आला. आईने पाहिले, काही दिसले नाही. शेजारणीने मध घालायला सांगितले, ते झाले. दुसऱ्या दिवशी वडील कामावरून येताना औषधाच्या दुकानात गेले आणि डोळा लाल झाला आहे एवढेच सांगून थेंबांची बाटली घेऊन आले. थेंब घातले आणि लाली उतरली. सगळ्यांना हायसे वाटले. बाराव्या दिवशी बुबुळावर तिळाएवढा पांढरा ठिपका दिसला. मोठ्या रुग्णालयात नेले तेव्हा डॉक्टरांनी बाटली पाहायला मागितली. ते स्टिरॉइडचे थेंब होते. त्यानंतर दोन महिने उपचार चालले, आईच्या घरकामांपैकी दोन कामे सुटली, वडिलांचे खाडे झाले. डोळा वाचला, दृष्टी अर्धी राहिली.

यात काय घडले ते समजून घेणे आवश्यक आहे, कारण यात कुणी निष्काळजी नव्हते. गवत, पेंढा, काडी, पान अशा वनस्पतीच्या वस्तूने बुबुळाला ओरखडा गेला तर जखमेबरोबर बुरशीही आत जाऊ शकते. ही बुरशी हळू वाढते. पहिले काही दिवस नुसती लाली, पाणी येणे, उजेड सहन न होणे एवढेच दिसते. स्टिरॉइडचे थेंब लाली दाबतात, म्हणून बरे वाटते. पण लाली हा शरीराचा प्रतिकार आहे. तो दाबला की बुरशीला रान मोकळे मिळते. ठिपका दिसेपर्यंत आत व्रण झालेला असतो. बुरशीवर वेगळे औषध लागते, नाटामायसिनसारखे, आणि तेही तपासणी करून, कित्येक आठवडे, दिवसातून अनेकदा घालावे लागते. बुबुळावर डाग राहिला आणि दृष्टी गेली तर नेत्रदानातून मिळालेले बुबुळ बसविणे हाच उपाय उरतो.

म्हणून डोळ्यात कुसळ किंवा कुठलीही काडी गेल्यास पुढीलप्रमाणे वागावे. डोळा चोळू देऊ नये. लहान मुलाचे हात धरावे लागले तरी धरावेत. स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. कुसळ रुतलेले दिसत असेल तर ओढायला जाऊ नये, कारण मागे वळलेले केस आपण वर पाहिलेच. डोळ्यावर दाब येणार नाही असे स्वच्छ फडके सैल धरून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे. शीव, के.ई.एम., कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. दूध, मध, एरंडेल, गुलाबपाणी, आईचे दूध यांपैकी काहीही घालू नये. आणि दुकानातून आपल्या मनाने थेंब घेऊ नयेत. शेजारच्या घरातील उरलेली बाटली तर नकोच नको. डॉक्टरांना ‘डोळा आला’ असे न सांगता ‘गवत लागले’ असे स्पष्ट सांगावे. या दोन शब्दांनी उपचाराची दिशा बदलते.

कपड्यांचे म्हणाल तर सोपे आहे. मोजा उलटा करावा, कुसळाचे टोक आतल्या बाजूने धरावे आणि ते ज्या दिशेने शिरले त्याच दिशेने पुढे ओढून काढावे. मागे ओढले तर तुटणारच. सहलीला जाताना पोरांना लोकरीचे किंवा जाड विणीचे मोजे घालू नयेत. गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट बरी.

जाळल्याने काय होते

पुष्कळ वस्त्यांत कुसळाचा बंदोबस्त म्हणून गवत पेटवून देतात. जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळी टेकडीवर लाल रेघ सरकताना दिसते. कुणी मुद्दाम लावतो, कुणाची विडी पडते. जळले की कटकट गेली, अशी समजूत आहे. वास्तविक परिणाम उलट होतो. आग लागेपर्यंत कुसळाची बी गिरमिटासारखी मातीत शिरून बसलेली असते, तिला वरून जाणारी आग पोचत नाही. गवताचे बुडखेही जिवंत राहतात आणि पहिल्या पावसात फुटतात. मारवेलसारखी मऊ, गुरांना आवडणारी गवते मात्र वारंवारच्या आगीत आणि चराईत मागे पडतात. त्यांची जागा पुढच्या वर्षी कुसळ घेते. जितके जाळाल तितके कुसळ वाढेल. हे कळायला पदवी लागत नाही, दरवर्षी जळणारी टेकडी आणि न जळणारी टेकडी शेजारी शेजारी पाहावी.

शिवाय आग टेकडीवरच थांबेल याची हमी कोण देणार? ३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी गोरेगावला आरेच्या बाजूच्या डोंगरावर लागलेली मोठी आग अनेकांनी टीव्हीवर आणि काहींनी खिडकीतून पाहिली. डोंगराच्या पायथ्याशी ज्यांची घरे पत्र्याची आणि प्लायवूडची आहेत, घरात गॅसचा सिलिंडर आहे आणि गल्लीत अग्निशमन दलाची गाडी शिरत नाही, त्यांनी तरी काडी ओढताना दहादा विचार करावा.

दुसरे टोकही बरे नव्हे. काही उत्साही मंडळी कुदळ घेऊन गवत मुळासकट उपटायला निघतात. डोंगर-उतारावर गवताची मुळे माती धरून असतात. घाटकोपरच्या आझाद नगरात १२ जुलै २००० रोजी दरड कोसळली आणि साठांहून अधिक माणसे गेली. त्या दरडीचा दोष कुणी गवतावर ठेवलेला नाही, परंतु उताराची माती मोकळी करणे म्हणजे काय याची कल्पना उतारावर राहणाऱ्यांना निराळी द्यायला नको. गवत कापावे, खणू नये.

आणि कापावे ते वेळेवर. तुरे डोकावू लागतात त्या सुमारास, म्हणजे सप्टेंबर संपता संपता, घरांच्या आणि पोरांच्या खेळाच्या जागेच्या भोवतीचे गवत कापून टाकले की त्या पट्ट्यात त्या वर्षीचे कुसळ फारसे पिकत नाही, पुढे जळायलाही काही उरत नाही. सलग तीन-चार वर्षे असे केले तर बीच पडत नसल्याने कुसळ विरळ होत जाते. कापलेले कोवळे गवत आसपासच्या तबेलेवाल्याला सांगितले तर तो स्वतः टेम्पो घेऊन येतो, आमच्याकडे दोन वर्षे तसे झाले. पिकलेले गवत मात्र त्याने नाकारले. म्हशीच्या तोंडाची त्याला आपल्या पोरांच्या डोळ्यांपेक्षा जास्त काळजी, असे एक भगिनी म्हणाल्या. बोलण्यात तिखटपणा होता, पण त्यात खोटे काय?

सगळ्याच जागी आपण विळा घेऊन जाऊ शकत नाही, हेही लक्षात ठेवावे. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गवताची काडी कापायलाही परवानगी लागते, तिथे अर्ज वन विभागाकडे करावा. महापालिकेच्या जागेसाठी मुलुंडकरांनी टी विभाग कार्यालयात आणि घाटकोपरकरांनी एन विभाग कार्यालयात अर्ज द्यावा. जागा नेमकी कुणाची हे माहीत नसेल तर दोन्हीकडे द्यावा. अर्जात जागेची खूण लिहावी, तिथे किती मुले खेळतात ते लिहावे, मागील वर्षी आग लागली असेल तर तारीख लिहावी. खाली महिला मंडळाच्या सभासदांच्या सह्या घ्याव्यात, कारण गवताचा अर्ज एकट्याच्या सहीवर कुणी वाचत नाही. दोन प्रती कराव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. अर्ज ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात द्यावा. गणपती झाल्यावर देऊ म्हणून थांबलात तर फाईल टेबलावरून टेबलावर जाईपर्यंत कुसळ पिकून जाते.